माल किती दिवसांत पोहोचेल? निर्यातीच्या मुदतीविषयी वाचकांचे प्रश्न

फळछाटण्या उरकून बागांमध्ये मणी धरू लागले, की नाशिक जिल्ह्यातून येणाऱ्या पत्रांचा विषय हळूहळू बदलतो. विरळणी आणि फवारणीच्या प्रश्नांबरोबर परदेशी खरेदीदारांशी चाललेल्या बोलण्यांचे प्रश्न येऊ लागतात. या महिन्यात आलेली पाच पत्रे एकाच मुद्द्याभोवती फिरत आहेत : खरेदीदाराला माल पोहोचवण्याची मुदत किती सांगावी. भावाच्या घासाघिशीवर आपण जितका विचार करतो, त्याच्या एक दशांशही या आकड्यावर करत नाही, असे गेली अनेक वर्षे पॅकहाऊस (माल निवडून पेट्यांत भरण्याची जागा) आणि निर्यातीची कागदपत्रे यांच्यात वावरताना मला दिसत आले आहे. म्हणून यंदाचे सदर या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमची दिंडोरी तालुक्यातील शेतकरी उत्पादक कंपनी आहे. आजवर आमचे सभासद निर्यातदारांना बांधावरच माल देत होते. यंदा प्रथमच नेदरलँड्समधील खरेदीदाराला पांढरी द्राक्षे थेट पाठवण्याचे ठरत आहे. त्यांच्या तक्त्यात ‘लीड टाइम’ असा रकाना असून, ऑर्डर पक्की झाल्यापासून माल पोहोचेपर्यंतचे दिवस त्यात लिहायचे आहेत. ओळखीचे कोणी तीस सांगतात, कोणी पन्नास. आम्ही काय लिहावे?

उत्तर : त्या रकान्यात एकच आकडा लिहू नका. खरेदीदाराला पत्र पाठवून दोन आकडे वेगवेगळे द्या : ऑर्डर पक्की झाल्यापासून माल जहाजावर चढेपर्यंतचे दिवस, आणि जहाज सुटल्यापासून रॉटरडॅमला लागेपर्यंतचे दिवस. पहिला आकडा बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे, दुसरा अजिबात नाही. दोन्हींची बेरीज करून सांगितली, की समुद्रात गेलेल्या दिवसांचा जाबही आपल्यालाच विचारला जातो.

पहिल्या आकड्याची सुरुवात बागेतून होते. थॉमसन जातीच्या द्राक्षाची फळछाटणी झाल्यापासून काढणीला साधारण १२० ते १४० दिवस लागतात, आणि हा वीस दिवसांचा फरक कोणत्याही करारात बसवता येत नाही, कारण तो थंडीवर अवलंबून असतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा घसरला, की साखर उतरणे मंदावते. युरोपचा खरेदीदार साधारण १६ ब्रिक्सच्या (रसातली साखर मोजण्याचे माप) वर गोडी मागतो आणि ती आलेली नसताना काढलेला घड नंतर गोड होत नाही, कारण द्राक्ष आंब्यासारखे काढल्यावर पिकत नाही. त्यामुळे ऑर्डर घेताना ‘बाग तयार आहे’ असे सभासदाने सांगितले एवढ्यावर तारीख देऊ नये. प्लॉटच्या छाटणीची तारीख, आजची ब्रिक्स आणि मागील दोन हंगामांत त्याच प्लॉटची काढणी केव्हा झाली, या तीन नोंदी समोर ठेवाव्यात.

त्यानंतर अवशेष तपासणी, म्हणजे फळात फवारणीच्या औषधांचे अंश किती उरले याची तपासणी, येते. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे आपले कंटेनर युरोपात अडकले आणि शेतकऱ्यांनी त्याचा फटका सोसला, हे या जिल्ह्यात कोणाला नव्याने सांगायला नको. तेव्हापासून ही तपासणी अधिकच कसोशीने होते. अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या संगणकीय प्रणालीवर नोंदलेल्या बागेतून नमुना घेतला जातो, तो प्रयोगशाळेत जातो, अहवाल येतो आणि तो अनुकूल असेल तरच काढणीचा मार्ग मोकळा होतो. हंगामाच्या ऐन भरात, म्हणजे फेब्रुवारीत, सगळा जिल्हा एकाच वेळी नमुने पाठवत असतो, हे विसरून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातला अनुभव धरून दिवस मोजले, तर हिशेब तिथेच चुकतो. प्रयोगशाळेला ‘अहवाल किती दिवसांत मिळेल’ असे विचारण्यापेक्षा ‘गेल्या फेब्रुवारीत किती दिवस लागत होते’ असे विचारावे. एखाद्या प्लॉटचा अहवाल प्रतिकूल आला तर दुसरा प्लॉट तयार हवा. म्हणून एका कंटेनरसाठी लागणाऱ्या मालापेक्षा जास्त मालाचे नमुने आधीच दिलेले असावेत.

काढणी, पॅकिंग आणि प्रीकूलिंग यांचे दिवस तुलनेने सरळ आहेत, तरी तेथेही एक ठोकळ हिशेब करून ठेवावा. चाळीस फुटी रीफर, म्हणजे शीत, कंटेनरमध्ये पनेटमध्ये (प्लास्टिकच्या लहान डब्यांत) भरलेली द्राक्षे पॅकिंगच्या प्रकारानुसार साधारण १३ ते १४ टन बसतात. आपल्या पॅकहाऊसमध्ये कुशल बायका, वजनकाटे आणि टेबले मिळून दिवसाला सहा टन निघत असतील, तर एका कंटेनरला सुमारे सव्वादोन दिवस लागतात. सभेत कोणी उत्साहाने सांगितले म्हणून ते दीड दिवसावर येत नाहीत. काढणी सकाळच्या गारव्यातच होते, त्यामुळे दिवसातले तासही मोजकेच हाती असतात. त्यानंतर मालातली बागेची उष्णता सहा ते आठ तासांत काढून तो चार अंशांच्या खाली न्यावा लागतो. गेल्या हंगामात मोहाडी परिसरातल्या एका पॅकहाऊसवर कंटेनर दाराशी लागलेला असताना पर्यवेक्षकाने मधल्या थरातली एक पेटी फोडली, मण्यात सुई-थर्मामीटर खुपसला आणि सात अंश दिसताच भरणी थांबवली. गाडीचा चालक घाई करत होता, रात्रीचे अकरा वाजले होते, तरी माल पुन्हा प्रीकूलिंगला गेला आणि कंटेनर पहाटे चारला निघाला. ते पाच तास त्या माणसाने योग्य ठिकाणी खर्च केले, कारण रीफर कंटेनर थंड माल थंड ठेवतो; गरम माल थंड करण्याची त्याची ताकद नसते. आपल्या मुदतीत अशा पाच तासांना जागा असली पाहिजे, नाहीतर पर्यवेक्षकाला ती सुई खुपसण्याचे धैर्य होणार नाही.

आता जी गोष्ट बहुतेकांच्या हिशेबातून निसटते ती सांगतो. नाशिकहून न्हावाशेवा सुमारे दोनशे किलोमीटर आहे. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाटाचा त्रास कमी झाला, पण पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी आणि अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा आहेतच. रस्त्यात पाच-सहा तास गेले तर काय मोठेसे, असे वाटते. परंतु जहाज आठवड्यातून एकदाच असते आणि बंदरात कंटेनर आत घेण्याची कट-ऑफची वेळ ठरलेली असते. कट-ऑफ चुकला, की पाच तासांचा उशीर तत्काळ सात दिवसांचा होतो. मुदत मोजताना दिवसांची साधी बेरीज पुरत नाही ती याच कारणाने : आपले काम दिवसांनी पुढे सरकते, जहाज आठवड्यांनी. म्हणून आधी ज्या जहाजाने माल जायचा त्याची कट-ऑफची वेळ लिहावी आणि तिथून उलटे मोजत यावे. सकाळी सहाचा कट-ऑफ असेल तर गाडी आदल्या दिवशी दुपारी निघाली पाहिजे. त्याआधी फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचे प्रमाणपत्र), अॅगमार्क (प्रतवारीचे प्रमाणपत्र) आणि शिपिंग बिल (कस्टमकडे द्यायचा निर्यातीचा कागद) यांची कामे संपली पाहिजेत. त्याआधी माल थंड झालेला हवा, आणि असे करत करत आपण नमुना देण्याच्या तारखेपर्यंत येऊन पोहोचतो. ती तारीख उलटून गेलेली असेल तर त्या आठवड्याचे जहाज आपले नाही, हे त्याच दिवशी कळते.

आणि सवड कुठे ठेवायची, तर काढणीच्या आधी. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. द्राक्ष वेलीवर असताना, पावसाचे चिन्ह नसेल तर, पाच-सात दिवस थांबू शकते. एकदा कात्री लागली की फळाचे घड्याळ सुरू होते, आणि शून्य अंशाला, ग्रेपगार्डची (बुरशी रोखणाऱ्या गंधकयुक्त कागदाची) पाने घालून ठेवलेल्या थॉमसनलाही मर्यादित आठवडेच असतात. ‘माल काढून शीतगृहात ठेवू, जहाज मिळाले की पाठवू’ ही पद्धत वरवर सुरक्षित वाटते. तिने तारीख पाळली जाते, पण देठ सुकलेले आणि मणी सैल झालेले असतात, आणि शीतगृहातले ते दिवस माल दुकानाच्या फळीवर टिकण्याच्या दिवसांतून आपण उसने घेतलेले असतात.

आकडा कसा काढावा हेही विचारले आहे. समजा, एखाद्या पॅकहाऊसच्या वहीत मागील हंगामाच्या अकरा कंटेनरांना ऑर्डर पक्की झाल्यापासून जहाजावर चढेपर्यंत अनुक्रमे ९, ९, १०, १०, ११, ११, १२, १२, १३, १६ आणि १९ दिवस लागले आहेत. सरासरी बरोबर १२ येते आणि बहुतेक जण तोच आकडा सांगतात. पण १२ दिवस सांगितले असते तर अकरापैकी तीन कंटेनर उशिरा गेले असते. १३ सांगितले तर दोन, आणि १६ सांगितले तर फक्त एक. पहिल्यांदाच व्यवहार होत असलेल्या खरेदीदाराला मी १६ सांगेन. ज्याच्याशी तीन-चार हंगामांचा परिचय आहे आणि जो फोनवर ‘दोन दिवस इकडेतिकडे’ समजून घेतो, त्याला १३. त्या एका कंटेनरला एकोणीस दिवस का लागले, हे मात्र वहीत लिहिलेले हवे. नमुना प्रतिकूल आला म्हणून असेल तर ती जोखीम पुन्हा येणार आणि तिच्यासाठी जादा प्लॉट तयार ठेवायचे. वाहतूकदारांचा संप असेल तर वेगळा विचार. आपली कंपनी नवी आहे, वही नाही. म्हणून पहिल्या हंगामात ज्यांच्या पॅकहाऊसमधून माल जाणार आहे त्यांची वही मागा. ती दाखवायला कोणी संकोच करत असेल तर त्या पॅकहाऊसच्या भरवशावर तारीख देऊ नका.

समुद्राच्या दिवसांविषयी थोडक्यात. सुएझमार्गे न्हावाशेवा ते रॉटरडॅम हा प्रवास तीन-साडेतीन आठवड्यांचा समजला जाई. २०२३ च्या नोव्हेंबरपासून लाल समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले, मोठ्या जहाज कंपन्यांनी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालायला सुरुवात केली आणि प्रवास साधारण दहा ते पंधरा दिवसांनी लांबला. त्याआधी २०२१ च्या मार्चमध्ये, आपल्या हंगामाच्या ऐन मध्यात, एकच जहाज आडवे अडकून सुएझ कालवा सहा दिवस बंद होता. म्हणून बुकिंग करताना जहाज कोणत्या मार्गाने जाणार आणि मधे दुसऱ्या जहाजावर कंटेनर बदलणार का, हे जहाज कंपनीच्या एजंटाकडून लेखी घ्यावे आणि तेच खरेदीदाराला कळवावे. युरोपातले फळांचे खरेदीदार आठवड्यांच्या क्रमांकाने बोलतात : ‘आठवडा ८’, ‘आठवडा ९’. आपणही पोहोचण्याचा अंदाज त्याच भाषेत, एका दिवसाऐवजी एका आठवड्याचा द्यावा. तीस म्हणणाऱ्यांचे आणि पन्नास म्हणणाऱ्यांचे दोघांचेही खरे असू शकते. एक जण सुएझची आणि चांगल्या आठवड्याची गोष्ट सांगत असतो, दुसरा वळशाची आणि वाईट आठवड्याची.

प्रश्न : मी पिंपळगाव बसवंत भागातून द्राक्षे आणि डाळिंब पाठवतो. मी खरी मुदत सांगतो तेव्हा खरेदीदार म्हणतात, ‘तुमच्याच गावातला दुसरा निर्यातदार आठ दिवस कमी सांगतो आहे.’ ऑर्डर हातची जाऊ नये म्हणून कमी सांगावे का?

उत्तर : सांगू नये. असे मी अनुभवावरून म्हणतो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी ज्या संस्थेत काम करत होतो तिथे, अशाच दडपणाखाली मी स्वतः एका युरोपीय खरेदीदाराला ज्या आठवड्याचे जहाज द्यायचे कबूल केले, त्यासाठी सगळे काही पहिल्या फटक्यात जमायला हवे होते. नमुना वेळेवर गेला, अहवाल चांगला आला, आणि काढणीच्या दिवशी पहाटे बेमोसमी पाऊस आला. एक इंचही नव्हता. पण ओले घड पॅक करता येत नाहीत, आणि मण्यांना तडे गेले आहेत की नाही हे कळायला दीड-दोन दिवस थांबावे लागते. आम्ही थांबलो नाही. दुपारी ऊन पडल्यावर काढणी केली, कारण कट-ऑफ परवा सकाळी होता. कंटेनर वेळेवर गेला. तो पोहोचल्यावर आलेल्या फोटोंमध्ये प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या पनेटच्या तळाशी पाणी सुटलेले आणि बुरशी धरलेली होती. खरेदीदाराने रक्कम कापली ती कापलीच, आणि ज्या दोन शेतकऱ्यांचा तो माल होता त्यांना त्या हंगामात ठरलेला भाव मिळाला नाही. त्यांची काहीच चूक नव्हती. पाऊस कोणाच्या हाती नव्हता, पण दोन दिवस थांबण्याची मुभा मी माझ्या शब्दाने आधीच गमावून बसलो होतो. त्या दोघांच्या घरी जाऊन हे सांगताना जे वाटले ते अजून विसरलेलो नाही.

आता आपल्या प्रश्नाच्या व्यावहारिक बाजूकडे येऊ. खरेदीदार जेव्हा दुसऱ्याचा आकडा सांगतो, तेव्हा तो कशापासून कशापर्यंतचा आहे हे विचारावे. अनेकदा दुसऱ्याने केवळ जहाजाचे दिवस सांगितलेले असतात, किंवा त्याचा माल नमुना-तपासणी होऊन तयार असतो आणि तो काढणीपासूनचे दिवस मोजत असतो. आकडे एका मापाने मोजले, की आठ दिवसांचा फरक बहुधा दोन-तीन दिवसांवर येतो. तेवढाही कमी करायचा असेल तर तो खरोखर कमी करावा : नमुने आधी द्यावेत, रीफरचे बुकिंग ऑर्डरची वाट न पाहता हंगामाच्या सुरुवातीलाच आठवडावार करून ठेवावे. डाळिंबाला हंगामाची अशी घाई नसते आणि फळ टिकते, त्यामुळे तिथे आपण कमी मुदत प्रामाणिकपणे देऊ शकाल. दोन्ही फळांना एकच आकडा लावू नये.

प्रश्न : आमच्या करारात ‘सीआयएफ’ लिहिले आहे आणि खाली ‘माल १० मार्चपर्यंत पोहोचला पाहिजे’ असेही वाक्य आहे. हे चालते का?

उत्तर : ही दोन वाक्ये एकमेकांशी विसंगत आहेत आणि वाद झाला तर ती आपल्यालाच महाग पडतील. सीआयएफमध्ये विक्रेता जहाजाचे भाडे आणि विमा भरतो, पण माल आपल्या बंदरात जहाजावर चढला की विक्रेत्याची सुपूर्दगी पूर्ण होते आणि पुढची जोखीम खरेदीदाराची असते. पोहोचण्याची तारीख बंधनकारक केली, की आपण समुद्रावरची जोखीमही परत अंगावर घेतो. ‘बिल ऑफ लेडिंगवरील जहाजावर चढवल्याची तारीख अमुक तारखेनंतरची नसावी, पोहोचण्याची तारीख अंदाजे’ असे वाक्य घालून घ्यावे. (बिल ऑफ लेडिंग म्हणजे माल घेतल्याची जहाज कंपनीची पावती; तिच्यावरच पुढे माल ताब्यात मिळतो.) खरेदीदार त्याला तयार नसेल, तर त्याला नेमक्या दिवसाची गरज का आहे ते विचारावे. बहुधा सुपरमार्केटची एखादी योजना असते, आणि मग एक आठवडा आधीचे जहाज धरणे हाच त्यावर उपाय असतो.

प्रश्न : आम्ही लासलगाव परिसरातून कांदा कोलंबो आणि दुबईला पाठवतो. जहाज चार-पाच दिवसांतच पोहोचते, त्यामुळे मुदतीची अडचण येईल असे कधी वाटले नव्हते. पण गेल्या वेळी माल बंदरात पडून राहिला, कारण कागदपत्रे बँकेमार्फत यायला उशीर झाला. शिवाय लेटर ऑफ क्रेडिटमध्ये दिलेल्या तारखाही गोंधळात टाकतात. आणि सरकारने अचानक निर्यात थांबवली तर काय करायचे?

उत्तर : जवळच्या बंदरांच्या बाबतीत कागद जहाजापेक्षा हळू चालतो, हे आपल्या पत्रात अचूक आले आहे. चार दिवसांच्या प्रवासाला मूळ बिल ऑफ लेडिंग कुरियरने, त्यातही दोन बँकांमधून फिरत गेले, तर माल आधी पोहोचणारच, आणि त्या दिवसांचे बंदराचे भाडे कोणीतरी भरते. कांदा तर त्या उकाड्यात थांबत नाही. कोंब फुटतात, पाणी सुटते. म्हणून अशा मार्गांवर मुदत मोजताना जहाजाचे दिवस बाजूला ठेवून कागदांचे दिवस मोजावेत. खरेदीदार जुना आणि विश्वासाचा असेल व पैसे आगाऊ आले असतील तर मूळ बिल इकडेच जहाज कंपनीला परत करून माल तिकडे मोकळा करण्याची सोय असते, तिला व्यवहारात टेलेक्स रिलीज म्हणतात. पैसे आलेले नसताना मात्र तो मार्ग कधीही धरू नये; माल हातचा गेल्यावर पत्रव्यवहाराला काही अर्थ राहत नाही.

लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे कागदपत्रे बरोबर असतील तर पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची हमी. तिच्या बाबतीत यूसीपी ६०० हे आंतरराष्ट्रीय नियम लागू असतात, जे १ जुलै २००७ पासून अमलात आहेत. त्यांतल्या मुदतीसंबंधीच्या गोष्टी शांतपणे वाचाव्यात. माल चढवल्याच्या तारखेनंतर २१ दिवसांच्या आत, आणि लेटर ऑफ क्रेडिटची मुदत संपण्याआधी, कागदपत्रे सादर व्हावी लागतात. लेटर ऑफ क्रेडिटमध्येच त्याहून कमी दिवस लिहिले असतील तर ते कमी दिवस लागू होतात. आपल्यासारख्या जवळच्या मार्गांवर खरेदीदार मुद्दाम कमी दिवस लिहितात, ते योग्यही असते, पण फायटो आणि इतर प्रमाणपत्रे तेवढ्यात हातात येतात का हे पाहिल्याशिवाय ते मान्य करू नये. ‘अमुक तारखेच्या सुमारास’ असे शब्द असतील तर त्याचा अर्थ त्या तारखेच्या पाच दिवस आधीपासून पाच दिवस नंतरपर्यंत, दोन्ही टोकांचे दिवस धरून, असा घेतला जातो. ‘त्वरित’, ‘शक्य तितक्या लवकर’ यांसारखे शब्द बँक विचारातच घेत नाही, त्यामुळे त्यांनी ना आपले संरक्षण होते ना खरेदीदाराचे. आणि एक फार नुकसान करणारा समज : मुदतीचा शेवटचा दिवस बँकेच्या सुट्टीचा आला तर कागद सादर करायला पुढचा कामकाजाचा दिवस मिळतो हे खरे, पण माल चढवण्याची शेवटची तारीख त्यामुळे पुढे जात नाही. कांद्याच्या एका व्यवहारात माल रविवारी चढवायचा होता, तो सोमवारी चढला, आणि बँकेने त्रुटी काढली. खरेदीदाराने ती संधी साधून भाव पाडून मागितला. बाजार उतरलेला असला की असे होते.

सरकारी निर्णयांविषयी आपली काळजी रास्त आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले, त्याच वर्षी ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ रोजी ती उठली तेव्हा टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क होते. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले आणि शुल्क २० टक्क्यांवर आले, आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेले. दीड-पावणेदोन वर्षांत इतक्या वेळा नियम बदलले आणि या बदलांच्या काळात लासलगाव, पिंपळगाव, उमराण्याच्या बाजारात लिलाव बंद पडण्यापासून भाव कोसळण्यापर्यंत सगळे घडले. शेतकऱ्याने पाच महिने राबून पिकवलेल्या मालाची किंमत एका रात्रीत अशी बदलावी, हे मला आजही मान्य होत नाही. पण निर्यातदाराला मुदत द्यायची आहे आणि ती या वास्तवातच द्यायची आहे.

त्यासाठी तीन गोष्टी मला उपयोगी वाटतात. भावाची आणि मुदतीची ऑफर दोन-तीन दिवसांपुरतीच खुली ठेवावी, पंधरवड्याची देऊ नये. करारात निर्यातबंदी, शुल्क आणि किमान मूल्य यांतील बदल स्पष्ट शब्दांत लिहावा. ‘अनपेक्षित परिस्थिती’ एवढ्या मोघम शब्दांवर विसंबू नये, कारण बंदी आल्यास करार रद्द आणि शुल्क वाढल्यास ते कोणी सोसायचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे माल कोणत्या टप्प्यावर आहे त्याची कागदोपत्री नोंद ताशी असावी. २०२३ च्या बंदीच्या अधिसूचनेत, आधीच भरणी सुरू झालेला माल, किंवा शिपिंग बिल दाखल होऊन जहाज बंदराला लागलेले असलेला माल, किंवा कस्टमच्या ताब्यात गेलेला माल यांना सूट होती. ज्यांचा माल खळ्यावर किंवा गोणीत होता तो राहिला. ज्यांच्याकडे बंदराच्या फाटकाची आणि बिलाची वेळ दाखवणारा कागद होता त्यांचा गेला. म्हणून कांद्यात आपली मुदत जितकी लांब, तितके आपण उघड्यावर. इथे मी द्राक्षाच्या अगदी उलट सांगतो आहे, हे लक्षात घ्यावे : कांद्याची ऑर्डर खळ्यावर तयार असलेल्या मालापुरतीच घ्यावी आणि आठवड्याच्या आत बंदरात न्यावी.

प्रश्न : आमचे पॅकहाऊस दिंडोरी-पेठ रस्त्यावर आहे. दर वर्षी मार्चमध्ये मजूर एकदम निघून जातात आणि आमच्या सगळ्या तारखा कोसळतात. यावर काय करावे?

उत्तर : सुरगाणा, पेठ आणि कळवण भागातून बागांवर आणि पॅकहाऊसमध्ये येणाऱ्या कष्टकरी कुटुंबांसाठी होळी हा वर्षातला सर्वांत मोठा सण आहे, आणि त्या सणाला ती गावी जाणार हे पंचांगात लिहिल्याइतके निश्चित असते. तारीख आधीच ठाऊक असूनही दर वर्षी ती ‘अचानक’ वाटावी, याचा दोष मजुरांवर टाकू नये. होळीच्या आधीचे दोन दिवस आणि नंतरचा आठवडा मिळून जवळपास दहा दिवस पॅकहाऊसची क्षमता निम्म्याहून कमी धरावी आणि तसे खरेदीदाराला जानेवारीतच कळवावे. चिनी नववर्षाला तिकडचे कारखाने बंद असतात हे ते जसे गृहीत धरतात, तसे हेही धरतील. आखाती देशांत माल जात असेल तर रमजान दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा तिकडची मागणी आणि इकडची होळी एकाच पंधरवड्यात येते का, हे आत्ताच कॅलेंडर उघडून पाहा. येत असेल तर त्या ऑर्डरींचा माल होळीच्या आदल्या आठवड्याच्या जहाजावर बुक करा आणि सणाच्या आठवड्यात कंटेनर बोलावूच नका. मजुरांचा मुकादम कोण, तो किती जणांना घेऊन कोणत्या दिवशी परतणार, हे त्याच्याशी बसून ठरवा आणि जाताना त्यांचा पूर्ण हिशेब चुकता करा. परतीची तारीख पाळली जाण्याची शक्यता त्याने जितकी वाढते तितकी उचल अडवून ठेवल्याने वाढत नाही, असा या भागातल्या अनेक पॅकहाऊसांचा अनुभव आहे.